डोंगरावर पहिली सायकल कोणी नेली? (इतिहासाची साधने : एक पूरक पाठ)



मागच्या आठवड्यात आपण भौतिक, लिखित आणि मौखिक साधने शिकत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, माउंटन बाईक पहिल्यांदा कुठं निघाली?" विचारणारा रविवारी गोरेवाड्याकडे गिअरची सायकल हाणणारा. कोणीतरी लगेच सांगून टाकलं, "अमेरिका." प्रश्न तिथंच संपला असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र तो तिथून सुरू झाल्यासारखा वाटला.

अमेरिका हे उत्तर अगदीच चूक नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली मातीच्या उतारावरून सोडून शर्यत लावली. उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकातला ब्रेक तापून आतलं ग्रीस जळून जायचं. खाली आल्यावर चाकाचा हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे, म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. चार्ली केली हा त्यांच्यातलाच एक. तो कोणाला किती मिनिटं लागली ते वहीत टिपत असे. हे वहीचं लक्षात ठेवा.

आता इंग्लंडकडे या. डब्ल्यू. एम. रॉबिन्सन हे गृहस्थ 'वेफेरर' या टोपणनावाने लिहीत. मार्च १९१९ मध्ये त्यांनी वेल्समधला बर्विन डोंगर बर्फातून सायकल घेऊन ओलांडला आणि त्यावर लेख लिहिला. पुढे १९५५ मध्ये लेमस्टर गावात 'रफ स्टफ फेलोशिप' नावाचं मंडळ निघालं. ही माणसं साध्याच सायकलींवर खडकाळ वाटा तुडवत. चालवता आली तर चालवायची, नाहीतर खांद्यावर घ्यायची! जेफ ॲप्स यांनी पुढे खास चिखल-डोंगरासाठी सायकली बनवल्या.

मग पहिलं कोण? 'डोंगरावर सायकल नेणं' म्हटलं तर इंग्रज कितीतरी आधीचे. 'माउंटन बाईक नावाचं वाहन आणि त्याचा धंदा' म्हटलं तर अमेरिकन. पण इतकी वर्षं इंग्रजांचं नाव मागं का राहिलं? माझ्या मते त्यांची साधनं घराघरांत विखुरलेली होती, हे त्याचं एक कारण. अलीकडे मंडळाच्या जुन्या सभासदांच्या घरांतून फोटो, स्लाइडा आणि नकाशे गोळा झाले आणि २०१९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यानंतर या लोकांकडे जगाचं लक्ष गेलं.

आपल्याकडे काहीच नव्हतं असं समजू नका. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जग फिरायला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर फिरून १८ मार्च १९२८ रोजी परत आले. इराण आणि इराकच्या वाळवंटांत कसले आले रस्ते! तरी त्यांनी परतल्यावर पुस्तक लिहिलं म्हणून निदान तारखा कळतात. नंतर गोव्यातले अनुप बबानी आणि साविया व्हिएगस यांनी अशा सायकलवीरांची माहिती आणि छायाचित्रं शोधून प्रदर्शन भरवलं, पुस्तक काढलं.

आता नागपूर. माझे बाबा रोज सायकलने कामावर जात. त्या सायकलला पालिकेचा पितळी बिल्ला होता. दरवर्षी कर भरून तो घ्यावा लागे. बाबा गेल्यावर मीच ती सायकल बिल्ल्यासकट भंगारवाल्याला दिली. इतिहास शिकवणारा माणूस मी! कोणत्या वर्षाचा बिल्ला होता, तेही पाहिलं नाही.

म्हणून मागच्या रविवारी आमच्या भागातल्या एका जुन्या सायकल दुकानात गेलो. पूर्वी तिथं तासाच्या भाड्याने सायकली मिळत. काकांना विचारलं, भाड्याच्या वह्या आहेत का? काका म्हणाले, "काहून सर, रद्दीत देल्या ना सगळ्या. एक राह्यली अशीन." पंक्चरच्या डब्याखालून ती निघाली. नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. एका नावापुढे लिहिलं होतं : 'रामटेक, उद्या देईन'. म्हणजे कोणीतरी भाड्याची सायकल घेऊन पन्नासेक किलोमीटर रामटेकला गेलं होतं! गडावर चढवली का, ते वही सांगत नाही. ते सांगेल असा माणूस कदाचित आपल्याच मोहल्ल्यात असेल.

उपक्रम : सुट्टीत प्रत्येकाने साठीच्या पुढच्या एका व्यक्तीला भेटावं. पहिली सायकल कधी, कितीला, कोणाची? सर्वांत लांब कुठं गेलात? बिनालाइटची किंवा डबलसीट पकडली गेली होती का? उत्तरं त्यांच्याच बोलीत उतरवा, सुधारू नका. तारीख आठवत नसेल तर "लग्नाच्या आधी की नंतर?" असं विचारा, वर्ष आपोआप जवळ येतं. सांगितलेलं आणि कागदावरचं जुळलं नाही तर दोन्ही लिहा. बिल्ला, पावती किंवा वही मिळाली तर जागेवरच फोटो काढा आणि वस्तू मालकाला परत द्या. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत डिंक पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊन निघतो.