युरिया आणि बियाण्याचा वंशगुण

गेल्या रब्बीच्या पेरणींत मीं मालदांडी ज्वारीचें बीं व युरिया एकत्र कालवून एकाच चाड्यांतून पेरिलें. उगवण निम्मीहि झाली नाहीं. "युरियानें बियाण्याचा वंशगुणच बिघडला, उरलेल्या ताटांचें बीं पुढें धरूं नका," असें एका अनुभवी शेजाऱ्यांनीं बजाविलें. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य किती, याचा विचार वाचकांपुढें ठेवितों.

वंशगुणांची नोंद पेशींतील डीएनए या द्रव्यांत असते. त्याची रचना वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं मांडिली. दोन लांब धागे एकमेकांभोंवतीं पीळ घालून असतात व त्यांवर चार प्रकारचीं अक्षरें ओळीनें बसविलेलीं असतात. समोरासमोरच्या अक्षरांच्या कांहीं जोड्या दोन बंधांनीं, तर कांहीं तीन बंधांनीं जोडलेल्या असतात. शिवाय हीं अक्षरें भाकरींच्या चवडीप्रमाणें एकावर एक दाटून असतात. पिळाची बळकटी मुख्यतः या चवडीमुळें येते.

पाण्यांत विरघळणारे कांहीं लहान सेंद्रिय रेणू हा पीळ सैल करितात. युरियाचे रेणू उघड्या पडलेल्या अक्षरांस लगटून राहतात. त्यामुळें धागे सुटणें सोपें होतें. लिटरभर द्रावणांत ६० ग्रॅम युरिया असल्यास धागे सुटण्याचें उष्णतामान सुमारें सव्वादोन अंश सेल्सिअसनें उतरतें. फॉर्मामाइडमुळें शेंकडा एक भागास सुमारें अर्ध्या अंशाहून थोडें अधिक उतरतें. साखरेच्या बीटांत असणारें बिटेन निराळ्या रीतीनें वागतें. तें दोन बंधांच्या व तीन बंधांच्या जोड्यांच्या बळांतील फरक कमी करितें. पालक व बीट हीं झाडें खारवट जमिनींत तग धरण्यासाठीं हेंच द्रव्य आपल्या पेशींत सांठवितात.

आतां हिशेब पाहूं. धागे सुटे ठेवण्यासाठीं प्रयोगशाळेंत लिटरास ४२० ते ४८० ग्रॅम युरिया घालितात. पिकावरील २ टक्के फवाऱ्यांत तो लिटरास अवघा २० ग्रॅम असतो. त्यानें फरक पडेल तो फार तर पाऊण अंशाचा. धागे तर साधारणतः ८० अंशांच्या पुढेंच सुटूं लागतात. दुसरें असें कीं, युरियानें धागे सुटले तरी अक्षरांचा क्रम बदलत नाहीं. दप्तराचा बंद सुटला म्हणून सातबाऱ्यावरील नांव बदलत नाहीं, तसेंच हें होय.

मग उगवण कां बुडाली? जमिनींतील युरिएज नांवाच्या विकरामुळें युरियाचा अमोनिया होतो. तो बियाण्यालगत दाटला कीं कोंवळा कोंब जळतो. दोष माझ्या पेरणीच्या पद्धतींत होता. बियाण्याच्या वंशांत नव्हता.

म्हणून युरिया बियाण्यांत कधींहि मिसळूं नये. दोन चाड्यांची पाभर वापरून खत बियाण्याच्या बाजूस व खालीं, सुमारें दोन इंचांवर पाडावें. मालदांडीसारख्या सरळ वाणाचीं निरोगी ताटें वाचलीं असतील, तर त्यांचें बीं निःशंकपणें राखावें. मींहि तें राखून ठेविलें आहे.