छापखाना, धर्म आणि एक कारागीर

युरोपातील धर्मसुधारणेचा इतिहास वाचताना आपले लक्ष साहजिकच मार्टिन लूथरकडे जाते. पण त्या चळवळीच्या पहिल्या दहा वर्षांतील वाङ्मय पाहिले की मला एक निराळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. धर्माविषयी लिहिण्याचा अधिकार कुणाचा?

१५१७ साली पापक्षमेच्या पत्रांच्या व्यवहाराविरुद्ध लूथरने मांडलेली ९५ विधाने लॅटिनमध्ये, म्हणजे पंडितांसाठी होती. १५१८ मध्ये त्याच विषयावर त्याने जर्मन भाषेत छोटे प्रवचन लिहिले, आणि निरनिराळ्या शहरांतील मुद्रकांनी त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या काढल्या. १५२२ च्या सप्टेंबरात त्याचा जर्मन ‘नवा करार’ विटेनबर्ग येथे सुमारे ३,००० प्रतींत निघाला. डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली.

परंतु मोठ्या ग्रंथात मुद्रकाचे भांडवल फार काळ अडकून पडे. पुस्तिकेचे तसे नव्हते. कागदाचा ताव दोनदा दुमडला की आठ पृष्ठे होत. असे दोन-चार ताव, वर लाकडी ठशाचे चित्र, आणि बांधणी नाहीच! पुस्तिका लवकर छापून होई व स्वस्तात विकली जाई. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते, आपल्याकडे पोथी ऐकावी तशी, दुसऱ्याकडून वाचून घेत.

भाषा आपली आणि पुस्तिका स्वस्त, तेव्हा नुसता ऐकणारा माणूस लिहू लागला यात नवल नाही. १५२३ साली आर्गुला फॉन ग्रुम्बाख या स्त्रीने एका तरुण शिक्षकाची बाजू घेऊन इंगोलश्टाट विद्यापीठाला पत्र लिहिले. आपल्याला लॅटिन येत नाही, वाद जर्मन भाषेत करावा, असे तिने पंडितांना बजावले. ते पत्र छापले गेले व ठिकठिकाणी वाचले गेले. १५२४ साली न्यूरेंबर्गच्या हान्स झाक्सने एक संवाद प्रसिद्ध केला. त्यात जोडे शिवणारा एक कारागीर धर्माधिकाऱ्याकडे सपाता पोचवायला येतो आणि बायबलचे दाखले देत त्याला निरुत्तर करतो. झाक्स स्वतः जोडेच शिवत असे.

पण पुढे काय झाले? न्यूरेंबर्गने १५२५ मध्ये सुधारणेचा पक्ष स्वीकारला. त्याच शहराच्या नगरसभेने १५२७ साली, पोपवरील एका सचित्र पुस्तिकेतील पद्यांबद्दल, झाक्सला ताकीद दिली : आपला जोड्यांचा धंदा पाहावा, पुस्तके काढू नयेत. जुन्या धर्मपीठाचा अधिकार झुगारणाऱ्यांनाही कारागिराची लेखणी जड वाटली!

झाक्स मात्र थांबला नाही. १५७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या नावावर हजारो लहानमोठ्या रचना जमा झाल्या.

ज्यांच्या घरातून माझ्याप्रमाणे पहिलाच मुलगा कॉलेजात आला आहे, त्यांनी या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाचण्याची मुभा मिळाली म्हणजे लिहिण्याची मिळतेच असे नाही. ती लिहून मिळवावी लागते.