रहीमसाहेब आणि नेव्हिल

मुलांनो, मधल्या सुट्टीची घंटा झाली, की तुम्ही मैदानाकडे धाव घेता. दोन्ही टोकांना दोन-दोन विटा ठेवल्या, की झाला सामना सुरू! वऱ्हाडातल्या उन्हाचीही तुम्हांला पर्वा नसते. अकोल्याला आमच्या शाळेत मी हे खिडकीतून रोज पाहतो. एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. चेंडू डाव्या पायाकडे आला, की मुले वळसा घालून तो उजव्या पायावर घेतात. तेवढ्यात दुसरा कोणी तो पळवून नेतो. या खोडीवर एका शिक्षकाने फार पूर्वी इलाज शोधला होता.

त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. लोक त्यांना आदराने रहीमसाहेब म्हणत. त्यांचा जन्म १९०९ साली हैदराबादला झाला. ते उस्मानिया विद्यापीठात शिकले. त्या काळी तेथील शिक्षणाचे माध्यम तुमच्याप्रमाणेच उर्दू होते. तरुणपणी ते स्वतः फुटबॉल खेळले, शाळेत शिक्षक झाले आणि पुढे हैदराबाद पोलीस संघाचे प्रशिक्षक बनले. मुलांसाठी ते विलक्षण सामने भरवीत. एका सामन्यात फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा. दुसऱ्यात चेंडू घेऊन एकट्याने पळायचे नाही, लगेच साथीदाराला द्यायचा. पाहणाऱ्यांना गंमत वाटत असेल. पण याच हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

ऑलिम्पिक हे नाव वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले होते. भारतीय फुटबॉल संघ मात्र १९५२ साली हेलसिंकीहून मान खाली घालून परतला. तेथे आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले, आपण एकच केला. प्रशिक्षक रहीमसाहेबच होते. त्यानंतर आपल्या खेळाडूंना बूट घालणे सक्तीचे झाले.

चार वर्षांनी, १९५६ साली, रहीमसाहेब नवा संघ घेऊन मेलबर्नला गेले. त्या संघात नेव्हिल डिसोझा नावाचा एक आघाडीचा खेळाडू होता. नेव्हिल मूळचा गोव्यातील आसगाव या गावचा. तो मुंबईत टाटा संघाकडून खेळे.

१ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. ऑस्ट्रेलियाने तो फेडला. नेव्हिलने दुसरा केला. त्यांनी तोही फेडला. मध्यंतराला दोन-दोन अशी बरोबरी! आता काय होणार? खेळ पुन्हा सुरू झाला आणि पाचच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल केला. एका खेळाडूने एकाच सामन्यात तीन गोल केले, की त्याला हॅटट्रिक म्हणतात. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू. शेवटी किट्टूने चौथा गोल केला आणि भारत ४–२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

आणि उपान्त्य सामन्यात समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया! अर्धा खेळ संपला तरी त्यांना एकही गोल करता आला नव्हता. उत्तरार्धात पहिला गोल झाला, तोही भारताचा आणि नेव्हिलच्याच पायाने. हेलसिंकीचे दहा गोल खाल्लेल्या रहीमसाहेबांना त्या क्षणी काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पण आनंद फार वेळ टिकला नाही. थोड्याच वेळात बरोबरी झाली आणि आपण ४–१ असे हरलो. मग बल्गेरियानेही आपल्याला हरवले. चौथ्या क्रमांकाला पदक नसते. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता. तरी तो रिकाम्या हातांनी परतला. १९८० साली तो वारला. क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ असलेल्या आपल्या लोकांना त्याचे नाव ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. दक्षिण कोरियाविरुद्धचा तो अंतिम सामना भारताने २–१ असा जिंकला. तेव्हा त्यांना कर्करोगाने घेरले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्या सामन्यात भारताचा पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी केला. मेलबर्नलाही ते नेव्हिलबरोबर आघाडीला खेळले होते. खेळणे थांबल्यावर तेही प्रशिक्षक झाले आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगाल व मोहन बागान या संघांना त्यांनी अनेक वर्षे शिकवले.

बरे, आता एक दिवस तुम्हीही रहीमसाहेबांचा सामना खेळून पाहा. उजव्या पायाने चेंडू मारायला बंदी! आमच्या शाळेत पहिल्या दिवशी एकही गोल झाला नव्हता.