अढीची ऊब आणि कातळाची आच

चैत्र उजाडला की गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या पट्ट्यातील बागायतदारांस हापुसाच्या काढणीखेरीज दुसरे काही सुचत नाही. परंतु झाडावरून उतरलेले फळ पेटीत भरले जाईपर्यंत त्याच्या उष्णतेचा बंदोबस्त कसा ठेवावा, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष पुरविले जात नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आंबे पिकविण्यासाठी भाताच्या पेंढ्यात थर लावून रचतात, ती अढी. हा पेंढा उष्ण असतो, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः वाळलेल्या पेंढ्याच्या अंगी स्वतःची उष्णता मुळीच नसते. तोडलेल्या आंब्याचे श्वसन चालूच असते, आणि त्या क्रियेत निर्माण होणारी ऊब काड्यांच्या पोकळीत कोंडलेली स्तब्ध हवा सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. स्तब्ध हवेइतका मंद उष्णतावाहक जिन्नस शेतकऱ्याच्या घरी दुसरा नाही. पाणी तिच्या सुमारे २५ पट, तर लोखंड सुमारे ३००० पट उष्णता वाहून नेते. म्हणून अढीचा पेंढा कडकडीत वाळलेला हवा. दवाने तो ओलावला की हवेची जागा पाणी घेते, ऊब निसटते आणि बुरशीचे फावते.

सारवलेल्या जमिनीवर चार बोटे पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, असे दोन-तीन थर पुरेत. बाजारभावाच्या घाईने उंच ढीग रचणाऱ्यांच्या अढीत कोपरापर्यंत हात घालून पाहावा. मध्यभागी हातास कोमटपणाहून अधिक आच लागली, तर तेथील फळ धड पिकत नाही, साल हिरवट राहते आणि गर बेचव होतो. अशी अढी तत्काळ उसकटून पसरावी. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने मनाई आहे. त्याची वाट कोणी धरू नये.

उष्णता आत राखणारा हाच पेंढा बाहेरची उष्णता अडवतो, ही गोष्ट मात्र अढी लावण्यात मुरलेले बागायतदारही विसरतात. आपल्याकडील जांभ्याचा कातळ दिवसभर तापतो आणि खालच्या फांद्यांवरील फळांस खालून शेकतो. बाहेरून निर्दोष दिसणारा आंबा कापल्यावर बाठ्याजवळ फिकट, आंबट, सच्छिद्र गर निघतो, तो साका. त्याच्या कारणांत संशोधकांनी जमिनीच्या या झळीची गणना केली आहे, आणि कलमाखाली वाळलेल्या गवताचे आच्छादन घातल्यास साक्याचे प्रमाण घटते, असेही आढळून आले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये प्रसारित केलेली ‘रत्ना’ ही नीलम व हापूस यांच्या संकरातून झालेली जात साक्यापासून मुक्त आहे खरी. पण पेठेत मागणी हापुसाचीच, तेव्हा आच्छादनाचा खर्च टाळून भागणार नाही.

काढणी सकाळी १० च्या आत अथवा दुपारी ४ नंतर करावी. झेल्यातून उतरवलेली फळे उघड्या कातळावर ओतू नयेत; सावलीत, पेंढ्याच्या गादीवर ठेवावीत. पत्र्याच्या शेडपेक्षा कौलारू पडवी केव्हाही बरी, आणि पत्राच असेल तर त्यावर झावळ्या अंथराव्यात.

आच्छादनामुळे वणव्याचे भय वाढते, म्हणून बागेच्या कडेने गवत काढून मोकळा पट्टा राखावा, आणि विडी ओढणाऱ्या गड्यास, तो कितीही जुना व विश्वासू असला तरी, कलमांखाली काडी पेटवू देऊ नये.