करडईचे तेल आणि आपले हृदय

करडई आपल्याला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यात शाळूच्या रानाला कडेने करडईच्या ओळी पेरण्याची जुनी रीत आहे. झाड काटेरी, म्हणून जनावर आत शिरायला धजत नाही. काढणी पहाटे करतात, कारण दवाने काटे मऊ पडतात. कोवळ्या पाल्याची भाजी होते. बी घाण्यावर जाते, पेंड गुराढोरांना होते. सोलापुरात करडईचे संशोधन केंद्र आहे. 'भीमा' हे वाण तिथलेच. फलटणच्या निंबकर संस्थेने तर बिनकाट्याची करडईही काढली. तरी पेरा पुष्कळ घटला आहे, याचे आम्हाला वाईट वाटते.

आता हेच तेल बाटलीतून आणि गोळीतून परत येत आहे. 'हृदयाला चांगले' असे त्यावर लिहिलेले असते. वर्गात एका शेतकऱ्याने आम्हाला विचारले, "गुरुजी, रोज दोन चमचे करडीचं तेल प्यालो, तर बीपीची गोळी बंद केली तर चालंल का?"

नाही, चालणार नाही. का ते पाहू.

रक्तात कोलेस्टेरॉल नावाचा मेणासारखा पदार्थ असतो. तो शरीराला लागतोच. पण फार वाढला की रक्तवाहिनीच्या आत थर धरतो. बोअरच्या पाण्याने नळीत क्षार बसतो ना, तसेच समजा. वाट अरुंद होते. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली की झटका येतो.

तूप, वनस्पती तूप, पामतेल यांतल्या स्निग्धाने वाईट कोलेस्टेरॉल वाढते. करडईच्या 100 ग्रॅम तेलात सुमारे 75 ग्रॅम लिनोलेइक आम्ल असते. त्याने ते कमी होते. मात्र हे तेल तुपाच्या किंवा पामतेलाच्या जागी वापरले तरच. भाजीवर तेलाचा तवंग तसाच, आणि वरून दोन चमचे आणखी प्यायले, तर फक्त वजन वाढेल. एका चमचा तेलात 5 ग्रॅम तेल मावते. बाजारातल्या तेलाच्या गोळीत बहुधा 1 ग्रॅमच असते. म्हणजे पाच गोळ्यांचे पैसे मोजून एक चमचा तेल! हा सौदा आम्हाला पटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी 1966 ते 1973 या काळात हृदयविकाराच्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला. काहींना तुपालोण्याच्या जागी करडईचे तेल दिले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले. पण पुढे पूर्ण आकडे 2013 साली छापून आले, तेव्हा निराळेच दिसले. करडईवाल्यांत 100 पैकी सुमारे 18 दगावले होते, दुसऱ्या गटात सुमारे 12. एका प्रयोगावरून तेल विष ठरत नाही. दुसऱ्या पुष्कळ प्रयोगांत तुपापेक्षा बियांचे तेलच बरे ठरले आहे. पण एकाच तेलावर सारी भिस्त ठेवू नये, एवढे त्यावरून कळते.

करडईच्या तेलात ओमेगा-3 नावाचे स्निग्ध जवळजवळ नसते. ते जवसात भरपूर असते. म्हणून जवसाची चटणी ताटात असावी. जवस भाजून कुटावा. अख्खे दाणे न पचता तसेच बाहेर पडतात. जवसाचे तेल तळणाला घेऊ नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर जवसाच्या तेलाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. करडईचे तेलही झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावे. भजी तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. ते कोणतेही असो.

बीपीची गोळी रक्ताचा दाब आवरते. ते काम तेल करीत नाही. गोळी बंद करायची की नाही, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे. छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात दुखू लागला, तर तेल चोळत बसू नये. 108 ला फोन करावा.

अभ्यास: बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला 20 ते 25 ग्रॅम तेल पुरते. आपल्या घरात माणसे किती? महिन्याला तेल किती येते? माणशी किती पडते, ते वहीत लिहून काढा.