पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पुस्तक

तुम्ही काही वर्षांपासून मराठी शिकत आहात. धडे वाचता, कविता पाठ करता, निबंधही लिहिता. पण मराठीतील एखादे पुस्तक तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आहे का? वर्गात हा प्रश्न विचारला की बरीच मुले खाली पाहतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याच्या घरी उर्दू बोलतात, त्याला दीडशे पानांचे मराठी पुस्तक डोंगराएवढे वाटणारच. तरीही हा डोंगर एकदा चढून पाहा. धड्यात आपल्याला पुस्तकाचा एक लहानसा तुकडा मिळतो. त्यातील माणसे ओळखीची होतात न होतात तोच धडा संपतो आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात.

‘प्रत्येकाने ही पुस्तके वाचलीच पाहिजेत’ अशा याद्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांत पन्नास-शंभर नावे असतात. ती नुसती पाहूनच दम लागतो. मी चारच नावे सांगणार आहे आणि त्यांतीलही एक आधी वाचा, असे म्हणणार आहे.

ते पुस्तक म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी या पुस्तकाची रचना आहे. म्हणून त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अशा एकूण बेचाळीस रात्री आहेत.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही गोष्ट तुम्ही उर्दूत वाचली असेल. जत्रेत सगळी मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद मात्र आपल्या तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो. श्यामही तसाच आहे. तो खाऊचे पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. पण श्याम नेहमीच इतका चांगला वागत नाही. तो पोहायला घाबरून लपून बसतो आणि आईचा मार खातो. मोठे होण्यासाठी पुस्तके वाचायला हवीत, पण ती घ्यायला पैसे नाहीत, म्हणून एकदा तो चक्क चोरी करतो! आईला ते कळल्यावर काय झाले, हे मी येथे सांगत नाही.

ही गोष्ट कोकणातील एका गरीब ब्राह्मण घरातील आहे. त्यामुळे सोवळे, व्रत, नैवेद्य असे शब्द तुम्हांला अडतील. शेजारच्या एखाद्या मराठी काकूंना त्यांचा अर्थ विचारा. त्या आनंदाने सांगतील. काही ठिकाणी उपदेश जरा लांबतो, हेही खरे आहे. तेथे कंटाळा आला तर सरळ पुढच्या रात्रीकडे जा. प्रत्येक रात्रीची आठवण वेगळी असल्यामुळे काही बिघडत नाही.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘बनगरवाडी’. ही १९५५ सालची छोटी कादंबरी आहे. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीत एक तरुण मास्तर येतो. शाळा आहे, पण मुले नाहीत; ती मेंढरांमागे रानात गेलेली असतात. या वाडीत म्हातारा कारभारी आहे, अंजी आहे, आयबू आहे. आयबू म्हणजे अय्यूब, हे तुम्ही लगेच ओळखाल. पुढे वाडीत तालीम बांधली जाते. येथे मात्र तुमची फसगत होईल. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्ती व कसरत करण्याची जागा. मास्तरांनी दुसरी शाळा बांधली, असे समजू नका! या पुस्तकातील संभाषणे माणदेशी बोलीत आहेत. ती डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने वाचा. कानाला अर्थ लवकर कळतो.

असे चकवणारे शब्द आणखीही आहेत. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत प्रयत्नांची शिकस्त म्हणजे अगदी शक्य तेवढे प्रयत्न. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद. मराठीत नोकरी सोडल्याचा. पण हे थोडे शब्द सोडा. हजर, अर्ज, जमीन, बाजार, वकील, जाहीर असे कितीतरी शब्द तुमच्या घरचेच आहेत. एकेका पानावर ते तुम्हांला भेटत राहतील.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ ही पुस्तके त्यानंतर घ्या. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण समोर बसून बोलावे तसे त्यांनी लिहिले आहे. स्वतःवर त्या इतक्या हसतात की आपणही हसतो. कार्व्हर हा अमेरिकेत गुलाम आईच्या पोटी जन्मलेला मुलगा. तो शेतीचा शास्त्रज्ञ झाला आणि भुईमुगाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध झाला. विज्ञान आवडणाऱ्यांनी हे पुस्तक आधी वाचले तरी चालेल. ‘मृत्युंजय’सारख्या जाडजूड कादंबऱ्यांची घाई मात्र करू नका. त्यांतील संस्कृत शब्दांनी सुरुवातीलाच धाप लागेल.

वाचताना शब्दकोश जवळ ठेवा, पण प्रत्येक शब्दाला तो उघडू नका. एखादा शब्द तिसऱ्यांदा अडला, तरच पाहा. पहिल्या दोनदा तो बहुधा वाक्यावरूनच उलगडतो.

‘श्यामची आई’ची रोज एक रात्र वाचली तर बेचाळीस रात्रींना बरोबर सहा आठवडे लागतात. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक बहुधा आठच दिवसांसाठी मिळते. तेव्हा ते घेतानाच ग्रंथपालांना तसे सांगून ठेवा.