किल्ली सगळ्यात शेवटी

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, कल्याणच्या फ्लॅटला भाडेकरू मिळाला. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, चांगली माणसं आहेत. रविवारी सामान आणतायत." मी विचारलं, अ‍ॅग्रीमेंट? तर म्हणे, "होईल गं पुढच्या आठवड्यात." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून हे लिहितेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

हीच घाई मी एकदा केली होती. आपला डोंबिवली पूर्वेचा वन-रूम-किचन तुला आठवतो ना? गणपतीचे दिवस होते. माणूस ओळखीतला. म्हणाला, "पितृपक्ष लागायच्या आत घरात शिरू द्या, कागदाचं नंतर बघू." मी किल्ली देऊन टाकली. डिपॉझिट रोख घेतलं, पावती कसली नि काय. पुढे कधी तो गावाला, कधी मी आजारी, कधी एजंटचा फोन बंद. अ‍ॅग्रीमेंट राहून गेलं. आठ महिन्यांनी जागा सोडताना तो म्हणाला, पन्नास हजार दिले होते. मला चाळीस आठवत होते. कागद त्याच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

वकिलाकडे गेले तेव्हा कळलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे आहे. असा करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, तुला उलट सिद्ध करता आलं तरच सुटका. मी मुकाट्याने पन्नास हजार मोजले. तो खोटं बोलत होता असं आजही मला म्हणवत नाही, बरं का. कदाचित मीच विसरले असेन. दोन भल्या माणसांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या, एवढंच झालं.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. नोटरीचा शिक्का मारला की झालं. नाही गं. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, हा जुन्या नोंदणी कायद्यातला नियम. त्यावरून अकरा महिन्यांची सवय लागली. पण आपल्या राज्यात लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदवावंच लागतं.

आजोबा शेवटपर्यंत खोली बंद ठेवायचे, भाड्याने द्यायला घाबरायचे, ते उगाच नव्हतं. १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांच्याकडे चालू लायसन्सवर जागा होती, ते सगळे कायद्याने संरक्षित भाडेकरू झाले. रात्रीतून पाहुण्याचं कूळ झालं म्हण ना. ती धास्ती घराघरांत मुरली. आता तसं नाही. मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. पण हे सगळं नोंदवलेल्या कराराच्या जिवावर. आणि कितीही राग आला तरी त्यांचं पाणी तोडणं, वीज कापणं, परस्पर कुलूप बदलणं असलं काही मनातही आणू नकोस. तेवढ्याने तुझी खरी बाजू खोटी होते.

खर्चाला घाबरतेस का? हिशेब करू. समज, भाडं सोळा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, मुदत अकरा महिने. एकूण भाडं झालं १,७६,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते पाच हजार. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण साडेचारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. वर एजंटची मजुरी. तो लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचे आणि साक्षीदारांचे थंब घेतो की काम झालं. दुय्यम निबंधकाकडे रांग लावायचे दिवस गेले. मी पंधराशे रुपये नि अर्धा तास वाचवायला गेले आणि दहा हजार घालवून बसले, कळलं?

मसुदा मात्र एजंटच्या साच्यातला तसाच उचलू नकोस. भाडं कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन किती, मेंटेनन्स कोण भरणार, हे स्पष्ट लिही. सामानाची यादी जोड. "फर्निचरसह" एवढं लिहून भागत नाही. पंखे तीन, गीझर एक, किचन ट्रॉली चार आणि त्यातली खालची डावीकडची चाकावरून सुटते, इथपर्यंत लिही. शेवटची ओळ वाचून हसू नकोस. माझं एका भाडेकरूशी झालेलं दुसरं भांडण बरोबर त्या ट्रॉलीवरूनच होतं. किल्ली द्यायच्या दिवशी घर रिकामं असताना मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढ. विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढून त्यांनाही पाठव. जाताना पुन्हा तसाच फोटो. महावितरणचं कनेक्शन तुझ्या नावावर आहे. ते दोन महिन्यांचं बिल ठेवून गेले, तर ते भरल्याशिवाय तुझ्या घरात उजेड नाही.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही किल्लीआधीच्या कामांत धर. ठाणे पोलीस आयुक्तालयात ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, बदलापूरपर्यंत सगळं येतं. पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या फॉर्म भरता येतो. पोच डाउनलोड करून ठेव.

सोसायटीला पत्र दे, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांची पोच. तुला भाड्याने द्यायला कमिटीची मेहरबानी लागत नाही, कळवणं पुरतं. आणि भाडेकरू ठेवला म्हणून दुप्पट मेंटेनन्स मागितला तर १ ऑगस्ट २००१ चा सरकारी निर्णय दाखव. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरत नाहीत. सेवाशुल्क नऊशे असेल तर नव्वद रुपये. भांडू नकोस. निर्णयाची प्रत पत्राला जोड, बहुतेक ठिकाणी तेवढ्याने आवाज खाली येतो.

आता डिपॉझिट. ते खात्यातच घे आणि आल्या आल्या वेगळी एफडी कर. ते पैसे आपले नसतात. मी एकदा त्यातून घरचा रंग काढला आणि सोडायच्या दिवशी नणंदेकडे हात पसरला. रिकाम्या घराच्या ओट्यावर एका बाजूला किल्ली आणि एका बाजूला त्यांचे पैसे, असं व्हायला हवं. जाणारा भाडेकरू त्या दिवशी तुझ्याबद्दल जे म्हणतो, ते पुढच्याच्या कानावर जातंच. डोंबिवलीतून कल्याणला बातमी पोहोचायला लोकल लागत नाही.

भाडं आयकरात दाखव. भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, त्यामुळे लपवण्यात फायदा नाही. फ्लॅट तुम्हा दोघांच्या नावावर आहे, तर भाडंही आपापल्या हिश्शाप्रमाणे दाखवा.

आणि हो, तू जाता जाता म्हणालीस, "ताई, कल्याण-शिळ रोडला अजून एक घेऊ, हप्ता भाड्यातून फिटेल." जरा थांब. चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं धरलं तर हप्ता होतो चौतीस हजार सातशेच्या आसपास. भाडं सोळा-सतरा हजार. वर मेंटेनन्स, कर, एखादा रिकामा महिना, ब्रोकरची दलाली. निम्म्याहून जास्त हप्ता तुझ्याच पगारातून जाणार. नव्या करप्रणालीत असशील तर व्याज भाड्यातून वजा होतं, पण तोटा पगारावर लादता येत नाही. झेपत असेल तर घे, पण "आपोआप फिटतो" असं समजून घेऊ नकोस.

स्वस्तात मिळालं तर दुप्पट डोळे उघड. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातल्या ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश दिला, आठवतंय? महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून त्यांची महारेरात नोंदणी झाली होती. लोकांनी महारेरा नंबर पाहून कर्ज काढलं, पूजा घातली, पडदे शिवले. म्हणून नुसत्या नंबरवर जाऊ नकोस. बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळ, भोगवटा दाखला माग, सातबारा वकिलाला दाखव. त्याची फी घराच्या किमतीत काहीच नाही.

बाकी माणसं तुझ्या मनाला पटली आहेत ना? छान. एकट्या मुली, पोरं, आपल्यापेक्षा वेगळं खाणारी, वेगळं पूजणारी, यावरून कोणाला नाही म्हणू नकोस. माझे सगळ्यात नीट भाडेकरू चार नर्सिंगच्या मुली होत्या. भाडं एक तारखेला सकाळी सहाला, ड्युटीला निघायच्या आधी.

तर रविवारी सामान येणार असेल, तर शनिवारी थंब होऊ दे. डिपॉझिट खात्यात, मीटरचा फोटो, मग किल्ली. आता त्यांना कसं सांगू म्हणून तुला संकोच वाटणार, मला माहीत आहे. सरळ सांग, "आमची ताई भारी खडूस आहे हो, कागदाशिवाय किल्ली देऊ देत नाही." सगळा दोष माझ्यावर घाल. थोरल्या बहिणी त्यासाठीच असतात.